सातची शाळा आणि घोरणारा ड्रायव्हर

लग्नाच्या हॉलवर मुक्काम पडला की एखाद्या मामांचं घोरणं ठरलेलंच असतं. सकाळच्या चहाबरोबर त्यावर विनोद होतात, कुणीतरी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवतं, मामाही हसून घेतात. "पडल्या पडल्या झोप लागते हो यांना, नशीबवान," असं एखादी मावशी म्हणतेच. त्याच हॉलवर सोळा वर्षांचा एक मुलगा नऊ वाजले तरी उठत नाही म्हणून बोलणी खात असतो. एक काकू रात्रभर टक्क जाग्या असतात आणि त्यांना "फार विचार करता तुम्ही" एवढंच ऐकायला मिळतं. तिघांचाही निवाडा त्यांच्या स्वभावावर होतो. मामा सुखी, मुलगा आळशी, काकू काळजीखोर.

माझ्या मते हे तिन्ही निवाडे चुकीचे आहेत आणि त्यांची किंमत आपण सगळे मोजतो. झोप हे शरीराचं काम आहे. ते बिघडलं तर डॉक्टरकडे जायला हवं. ते होऊच द्यायचं नाही असं वेळापत्रक कुणी लावलं असेल, तर ते लावणाऱ्याला जाब विचारायला हवा. आपण दोन्ही सोडून झोपणाऱ्याला बोल लावतो. "लवकर निजे, लवकर उठे" हे पाठ केलेल्या समाजाला झोप हा चारित्र्याचा विषय वाटणं साहजिक आहे, पण म्हणून ते खरं ठरत नाही.

आधी झोपेबद्दल थोडं. झोपलं की मेंदू विसावतो, ही समजूत १९५३ मध्येच मोडली. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवून रात्रभर नोंदी घेतल्या. मुलगा झोपलेला असताना मधूनच त्याचे डोळे पापण्यांखाली भराभर हलत होते आणि मेंदूच्या लहरी जागेपणासारख्या उठत होत्या. त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नथॅनिएल क्लाइटमन यांनी हे प्रसिद्ध केलं आणि 'रेम' झोप जगाला कळली. आज आपल्याला माहीत आहे की साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी रात्र सरते. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते, पहाटेच्या फेऱ्यांत रेम जास्त. पहाटे साडेपाचला गजर लावून दोन तास कापले, तर रात्रीच्या सर्व प्रकारच्या झोपेतून थोडी थोडी कात्री लागत नाही. रेमचा मोठा वाटा जातो.

रेममध्ये श्वासाचा पडदा आणि डोळे सोडले तर शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडलेले असतात. स्वप्नात धावताना आपण खरोखर अंथरुणातून उठून धावू नये, ही त्यामागची सोय. कधीकधी जाग येते, पण हा लुळेपणा काही क्षण टिकून राहतो. डोळे उघडे, हात हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, ओरडायला आवाज फुटत नाही. गावाकडे याचा बंदोबस्त करायला देवऋषी बोलावला जातो, नारळ फुटतो, उशीखाली लिंबू ठेवलं जातं. अपुरी झोप आणि अनियमित वेळा हे याचं नेहमीचं कारण, आणि एरवी तब्येत ठीक असेल तर घाबरण्यासारखं त्यात काही नाही. उलट ज्या म्हाताऱ्या माणसाचा हा लुळेपणा निघून जातो, जो झोपेत लाथा झाडतो, बायकोला गुद्दे मारतो, त्याला मात्र मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं पाहिजे. कंपवाताच्या कित्येक वर्षं आधी हे लक्षण दिसू शकतं.

आता मामा. झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात. ज्यांचा घसा अरुंद असतो, मानेभोवती चरबी असते, जबडा लहान किंवा मागे गेलेला असतो, त्यांचा श्वासमार्ग चिंचोळा होतो आणि त्यातून जाणारी हवा आवाज करते. तेवढंच असेल तर त्रास शेजारच्याला. पण काहींचा मार्ग पूर्ण मिटतो. मग घोरणं थांबतं. खोलीतल्या बाकीच्यांना वाटतं, झाले एकदाचे शांत! खरं तर त्या क्षणी श्वास अडलेला असतो.

झोपेची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत हे पडद्यावर दिसतं. तंत्रज्ञ केसांत भांग पाडून ठरलेल्या ठिकाणी डोक्याची कातडी घासतो आणि चिकट लेप लावून तारा बसवतो. हनुवटीवर, डोळ्यांच्या कडेला, नडगीवर आणखी तारा. छातीला एक पट्टा, पोटाला एक, नाकात बारीक नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. हे सगळं अंगावर घेऊन कोण झोपणार असं वाटतं, पण अपुरी झोप झालेली माणसं दहा मिनिटांत झोपतात. मग पडद्यावर नाकातल्या हवेची रेषा सपाट होते. पट्ट्यांच्या रेषा मात्र हलत राहतात, छाती वर तेव्हा पोट खाली, कारण माणूस बंद दारावर धडका द्याव्यात तसा मिटलेल्या घशाविरुद्ध ओढ काढत असतो. काही सेकंदांनी प्राणवायूची रेषा घसरायला लागते. मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, पाय झटकला जातो, मोठा फुरफुराट होतो, श्वास सुरू होतो. माणसाला यातलं काही आठवत नाही. मिनिटभरात पुन्हा तेच.

असे प्रसंग तासाला पाचापर्यंत असतील तर मोठ्या माणसात ते चालण्याजोगं धरतात. तीसच्या वर गेले तर आजार तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा दाबल्यासारखं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये भारतातले जुने अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला, की कामाच्या वयातल्या सुमारे दहा कोटी भारतीयांना तो कमी-अधिक प्रमाणात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि आठवडाभर वर्तमानपत्रांत तो गाजला. मग पुन्हा विनोद सुरू.

लठ्ठ पुरुषांचाच हा आजार, हीसुद्धा एक अर्धवट समजूत. जबड्याच्या ठेवणीमुळे सडपातळ माणसांनाही तो होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये वाढतो, पण त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. थकवा, सकाळची डोकेदुखी, रात्री चार वेळा लघवीला उठणं असं सांगतात आणि हातात व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन परततात. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेलं लहान मूल तोंड उघडं टाकून घोरतं. दिवसा मात्र ते पेंगण्याऐवजी चिडचिडं आणि अस्वस्थ होतं, आणि शाळेतून "एका जागी बसत नाही" अशी चिठ्ठी येते.

इलाज आहे. सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये एका रुग्णाच्या नाकावर मुखवटा लावून हवेचा हलका दाब दिला आणि रात्रभर त्याचा घसा उघडा राहिला. पुढच्या वर्षी 'द लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. ते सीपॅप यंत्र आजही मुख्य उपाय आहे. त्याने हृदयविकाराचे झटके टळतात असं मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रक्तदाब थोडा उतरतो, दिवसाची पेंग जाते आणि गाडी चालवताना अपघाताचा धोका घटतो. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

कारण मामा जर रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर असतील, तर हा त्यांचा खासगी आजार राहत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीराची जागं राहण्याची ताकद तळाला गेलेली असते. त्यात आधीच्या दिवशी झालेली झोप तुकड्या-तुकड्यांची. त्यात समृद्धी महामार्गासारखा सातशे किलोमीटरचा सरळ रस्ता. अपघात झाला की "चालकाचा डोळा लागला" एवढं वाक्य बातमीत येतं आणि विषय संपतो, जणू डोळा लागणं हा त्याचा निष्काळजीपणा. तो डोळा का लागला, हे कुणी तपासत नाही. वाहन परवान्याच्या अर्जात फिट येते का, चक्कर येते का, रातांधळेपणा आहे का, असं विचारतात. घोरता का, दिवसा बसल्या जागी झोप लागते का, हे विचारत नाहीत. युरोपीय संघाने २०१४ मध्ये नियम बदलून हे परवान्याला जोडलं. मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असून दिवसा पेंग येत असेल, तर इलाज सुरू होईपर्यंत गाडी चालवायची नाही. इलाज घेतला की परवाना मिळतो. मोठ्या वाहनांच्या चालकांची मग दर वर्षी फेरतपासणी.

हे इथे तसंच्या तसं आणलं तर काय होईल ते मला दिसतं. पोटावर पाय येणार म्हटल्यावर कुठला ड्रायव्हर खरं सांगेल? यंत्र तीस-चाळीस हजारांपासून पुढे, अनेक आरोग्यविमा पॉलिसींमध्ये ते 'देय नाही' या यादीत, आणि झोपेची तपासणी बहुतेक जिल्हा रुग्णालयांत होतच नाही. म्हणून क्रम उलटा हवा. आधी तपासणी फुकट आणि यंत्र मालकाच्या किंवा विम्याच्या खर्चाने, "इलाज घेणाऱ्याची नोकरी जाणार नाही" ही लेखी हमी, आणि मगच सक्ती. बोटाला लावायच्या चिमट्याने रात्रभराची प्राणवायूची नोंद घेणं फार महाग नाही. पहिली चाळणी त्यावर करता येते. सुरुवात एसटीपासून आणि शाळेच्या बसपासून करावी. आणि हो, १९६१ सालीच मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा कायद्याने घातली होती. ती पाळली जाते का, हे नागपूर-पुणे रात्रीच्या कुठल्याही क्लीनरला विचारावं.

ड्रायव्हरवरून आठवण झाली ती निवासी डॉक्टरांची. सलग छत्तीस तासांची ड्युटी केल्याचं आपल्याकडचे निवासी डॉक्टर अभिमानानेही सांगतात आणि रडकुंडीला येऊनही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सर्वसाधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावं असं लिहिलेलं आहे. तीन दशकं उलटल्यावर, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाला पुन्हा "आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको" अशी शिफारस करावी लागली. झोप न मिळालेल्या माणसाची निर्णयशक्ती दारू प्यायलेल्यासारखी घसरते, हे ज्यांना पुस्तकात शिकवलं जातं त्यांनाच आपण तसं ठेवतो. "आम्हीही असंच शिकलो," हे वरिष्ठांचं उत्तर असतं. हा त्याग नाही, हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. पण इथेही भाषा चारित्र्याचीच: जो टिकला तो खरा डॉक्टर.

काकूंचं दुखणं वेगळं. त्यांना वेळ आहे, अंथरूण आहे, झोप नाही. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने हे चाललं आणि दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर त्याला निद्रानाश म्हणतात. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याने झोपेची ओढ वाढते. कॅफीन त्याची जागा अडवतं. संध्याकाळी सहाला प्यायलेल्या कडक चहा-कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. काकूंची सुरुवात एखाद्या खऱ्या कारणाने झालेली असते: आजारपण, मुलीचं लग्न, नवऱ्याची निवृत्ती. ते कारण सरतं, पण तोवर त्यांनी झोप भरून काढायच्या नादात नऊलाच अंथरुणावर पडायला सुरुवात केलेली असते. दुपारी दोन तास पडतात. रात्री घड्याळ बघतात. अंथरूण म्हणजे जागं राहून तळमळण्याची जागा, हे मेंदू शिकतो.

यावरचा जो उपाय अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ पासून पहिल्या क्रमांकाचा मानला, तो गोळीचा नाही. वर्तनोपचाराचा आहे आणि ऐकायला उफराटा वाटतो. अंथरुणात कमी वेळ घालवा. झोप येईल तेव्हाच आडवं व्हा, नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, आणि रात्र कशीही जावो, सकाळी एकाच वेळेला उठा. पहिले दोन आठवडे हाल होतात, मग गाडी रुळावर येते. वन रूम किचनमध्ये सहा माणसं झोपत असतील तर "दुसऱ्या खोलीत बसा" कसं करायचं, हा प्रश्न मात्र परदेशी पुस्तकांत नसतो. गॅलरी, जिना, स्वयंपाकघरातला ओटा, जे असेल ते. हा उपचार मराठीत, समूहाने, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षित नर्सकडून देता येईल असा आहे. तो दिला जात नाही. मिळते ती गोळी.

अल्प्राझोलॅम, झोल्पिडेम या गोळ्या २०१४ पासून 'शेड्यूल एच १' मध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, दुकानदाराने वेगळी वही ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची. तरी शेजारणीने "अर्धी घेऊन बघा" म्हणून दिलेली गोळी घराघरांत फिरते. म्हाताऱ्या माणसांना त्याने रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो. वर्षानुवर्षं घेत असलेल्यांनी ती एका झटक्यात बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते.

आणि काकूंना विचारावं, की रात्री पाठ टेकली की पायात कसंसंच होतं का, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही का. तसं असेल तर तो निद्रानाश नसून पायांच्या अस्वस्थतेचा वेगळा विकार असतो आणि बऱ्याच वेळा त्याच्या मुळाशी लोहाची कमतरता असते. महाराष्ट्रातल्या प्रजननक्षम वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. पाय दाबून घेत रात्री काढणाऱ्या किती जणींना फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी, एक रक्ततपासणी आणि लोहाच्या गोळ्या पुरल्या असत्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

बायकांच्या झोपेची दुसरी गोष्ट नळाशी बांधलेली आहे. ज्या वस्तीत पहाटे चारला पाणी येतं, तिथे चारला उठते कोण? तीच बाई सहाला डबे करते आणि रात्री शेवटची भांडी घासून साडेअकराला पडते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात तर पाणी काही दिवसांआड येतं, आणि येण्याची वेळ चुकली तर जागरण ठरलेलं. तिला "स्क्रीन टाइम कमी करा, रात्री कोमट दूध प्या" असं सांगणारा आरोग्यसल्ला निर्लज्ज वाटतो मला. पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक ठरवताना माणसं झोपतात कधी, हा निकष महापालिकेत कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आवाजाचं तेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा, आणि राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत द्यायची मुभा. झोपेतही कान चालू असतात. आवाजाने पूर्ण जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, गाढ झोप उथळ होते, आणि सकाळी माणसाला कळतही नाही की रात्री काय झालं. "एक दिवस सहन करा, सण आहे" म्हणताना आपण तान्ही मुलं, रुग्ण आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्टिअरिंगवर बसणारे धरत नाही. झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात म्हटलं, कारण झोपलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी मध्यरात्री कारवाई केली होती. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईडीला सुनावलं, कारण ६४ वर्षांच्या एका माणसाचा जबाब पहाटे साडेतीनपर्यंत घेतला होता. म्हणजे हा हक्क न्यायालयात पोहोचला तो आंदोलकांमुळे आणि चौकशीला बोलावलेल्यामुळे. डीजेच्या भिंतीपलीकडे राहणारा सामान्य माणूस फार तर १०० नंबर फिरवतो आणि मग आपलंच नाव मंडळाला कळेल या भीतीने फोन ठेवतो.

राहिला तो सोळा वर्षांचा मुलगा. माझ्या मते सगळ्यांत जास्त अन्याय त्याच्यावर होतो.

शरीरात एक घड्याळ असतं. त्याची जनुकं शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ सगळ्या वयांत एकाच वेळेला झोप मागत नाही. लहान मुलं लवकर झोपतात, लवकर उठतात. वयात येताना ते पुढे सरकतं. रात्री झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, झोपेची ओढही हळू चढते. विशीच्या आसपास हा उशीर टोकाला जातो आणि मग आयुष्यभर हळूहळू मागे येतो. म्हणून घरातले आजोबा पहाटे चारला उठून देवपूजा उरकतात आणि अकरापर्यंत न झोपणाऱ्या, सातला न उठणाऱ्या नातवाला नावं ठेवतात. आजोबांच्या उठण्यात तप नाही आणि नातवाच्या लोळण्यात गुन्हा नाही. दोघांची घड्याळं आपापल्या वयाला बरोबर चालली आहेत. मोबाइल त्यात भर घालतो हे खरं, पण मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी हा उशीर मोजला गेला होता.

तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री अकराला झोपणाऱ्या आणि सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या मुलाला साडेसहा तास मिळतात. कापले जातात ते पहाटेचे, रेमचे. आपल्या राज्यात त्यात भूगोलाचीही भर आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावर बेतलेली, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. एके काळी मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. ती गेली, पण सूर्य काही आपला कारभार बदलत नाही. जानेवारीत मुंबईत तो सव्वासातच्या आसपास उगवतो. सातला प्रार्थनेला उभी असलेली मुलं सूर्य उगवायच्या आधीच उभी असतात.

सरकारने याकडे पाहिलंच नाही असं नाही. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला, की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू चांगला. चिमुरड्यांना डुलक्या खाताना बसमध्ये चढवावं असं कुणालाच वाटत नाही. पण शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर दिलासा नेमका चुकीच्या टोकाला मिळाला. सहा-सात वर्षांचं मूल वेळेवर निजवलं तर सकाळी आपणहून उठतं. ज्याला शरीरच उठू देत नाही, तो नववी-दहावीतला. आणि एकाच इमारतीत दोन अधिवेशनं भरवणाऱ्या शाळेला लहानांना नऊनंतर बोलवायचं असेल, तर सकाळची सातची पाळी उरते कुणाला? मोठ्यांनाच.

"शाळा उशिरा केली तर पोरं आणखी उशिरा झोपतील," हा नेहमीचा आक्षेप. सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली आणि संशोधकांनी मुलांच्या मनगटाला पट्टे बांधून झोप मोजली. मुलं जास्त जागली नाहीत. रोज सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, आणि २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कूलं साडेआठच्या आधी भरत नाहीत.

दुसरे आक्षेप जास्त खरे आहेत. सातच्या शाळेत मुलाला सोडून साडेआठची लोकल गाठणारे आईबाप काय करतील? एकच बस दोन फेऱ्या मारते, ती कशी बसवायची? दुपारच्या शाळेनंतर क्लास किती वाजता? हे प्रश्न उडवून लावण्यासारखे नाहीत. पण ते लहानांच्या बाबतीत जास्त अवघड आहेत. पंधरा वर्षांचा मुलगा स्वतः कुलूप लावून शाळेत जाऊ शकतो, सहा वर्षांचा नाही. म्हणजे सोयीचं गणितही तेच सांगतं: दोन अधिवेशनांच्या शाळांत लहान सकाळी, मोठे त्यानंतर. आदेशात एवढाच बदल करायला नवी इमारत लागत नाही. क्लासवाल्यांच्या पहाटे साडेपाचच्या 'स्पेशल बॅच'ला मात्र कायद्याने चाप लावावा लागेल, नाहीतर शाळेने दिलेले दोन तास ते खिशात घालतील. लातूरपासून पुण्यापर्यंतच्या पालकांनाही इथे थोडं मागे सरावं लागेल, कारण अशा बॅचला गर्दी करणारे आपणच आहोत.

हे सगळं होईपर्यंत मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. दहावीच्या बोर्डाचा सकाळचा पेपर अकरा वाजता सुरू होतो. त्याची तयारी म्हणून घेतली जाणारी सराव परीक्षा अनेक शाळा सात-साडेसातला घेतात. ती अकराला घ्यावी, निदान गणिताची तरी.